मधल्या जागेचे मोल : ठाकूरद्वार आणि गिरगाव

कोणताही भूप्रदेश माणसाला जसा दिसतो, तसाच तो पुढे त्याच्या हातून घडत जातो. एखाद्या जमिनीकडे समाजाने बाग म्हणून पाहिले की तिला कुंपण पडते, रोगाचे घर म्हणून पाहिले की तिच्यातून रुंद रस्ता काढला जातो आणि गुंतवणूक म्हणून पाहिले की तिच्यावर मजले चढू लागतात. म्हणजे जमीन बदलण्याआधी तिच्याकडे पाहण्याची रीत बदललेली असते. २००० साली फ्लॉरेन्स येथे युरोपातील देशांनी भूदृश्याविषयी जो करार केला, त्यात निसर्ग आणि माणूस यांच्या परस्परक्रियेतून ज्याला रूप आले आहे आणि तेथील लोकांना जो विशिष्ट तऱ्हेने जाणवतो, असा प्रदेश म्हणजे भूदृश्य, अशा आशयाची व्याख्या स्वीकारली गेली. या व्याख्येमुळे दोन गोष्टी एकदमच मान्य झाल्या : भूदृश्याचे मोल ठरवण्याचा अधिकार एकट्या तज्ज्ञाच्या डोळ्याला नाही, आणि डोंगर-दऱ्यांइतकीच रोजच्या वापरातली, जुनी झालेली, मोडकळीस आलेली वस्तीही भूदृश्यच असते.

मुंबईतील ठाकूरद्वार हे अशा रोजच्या भूदृश्याचे ठळक उदाहरण आहे. पश्चिमेला चर्नी रोड स्थानक आणि त्यापलीकडे समुद्र, पूर्वेला भुलेश्वर, दक्षिणेला चिराबाजार आणि उत्तरेला गिरगावातील वाड्यांची रांग, यांच्यामध्ये जगन्नाथ शंकरशेट मार्गावर हा नाका आहे. ज्याला प्रेक्षणीय म्हणावे असे येथे फारसे काही नाही. तरीही गेल्या दोनशे वर्षांत या तुकड्याचे मोल इतक्या वेगवेगळ्या मापांनी ठरवले गेले आहे की सत्ता, व्यापार, आरोग्यशास्त्र, कायदा आणि रहिवासी एकाच जमिनीकडे कसे पाहतात, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा शहरात क्वचितच सापडेल. या सर्व मापांतून एक गोष्ट मात्र सतत निसटत आली आहे, आणि ती म्हणजे दोन घरांच्या मधली जागा.

बाग, कुरण आणि स्मशान

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गिरगाव शहरात नव्हते, शहराबाहेर होते. मलबार टेकडीच्या पायथ्याशी नारळी, ताड, आंबा, फणस यांच्या बागाईती होत्या, आणि कुंपण घातलेल्या अशा बागाईत जमिनीलाच वाडी म्हणत; आंबेवाडी, फणसवाडी ही नावे त्या काळाची खूण जपून आहेत. माडा-ताडांवर भंडाऱ्यांचा निर्वाह चाले, किनाऱ्यावर कोळी असत, आणि जमिनीची किंमत तिच्यावरच्या झाडांच्या उत्पन्नावर ठरे. १८०३ साली मुंबईच्या किल्ल्यात मोठी आग लागली, त्यानंतर तटासमोरचे मैदान संरक्षणासाठी मोकळे ठेवण्यावर सरकारने भर दिला, आणि तेथील एतद्देशीय वस्ती मैदानापलीकडे, काळबादेवी, भुलेश्वर आणि गिरगावच्या दिशेने सरकू लागली. बागाईतींचे तुकडे पडले, तुकड्यांवर घरे उभी राहिली, परंतु वाडीची हद्द आणि तिच्यात शिरण्याची एकच चिंचोळी वाट या दोन गोष्टी टिकून राहिल्या. आजही मुख्य रस्त्यावरून वाडीत वळताना जो मार्ग आखडतो आणि आत गेल्यावर पुन्हा मोकळा होतो, त्याची मूळ आखणी कोणा नगररचनाकाराने केलेली नाही. ती बागेच्या कुंपणाची आहे.

खोताची वाडी हे या स्थित्यंतराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या मालकीच्या या जमिनीचे भूखंड ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी घेतले आणि तेथे उतरत्या कौलांची, पुढे ओटी आणि बाहेरून लाकडी जिना असलेली बैठी व एकमजली घरे बांधली. वाडीची मालकी हिंदूंची, वस्ती बहुतांशी ख्रिस्ती आणि शेजार मराठी चाळींचा, अशी ही घडण आहे.

याच काळातील एक हकिकत ठाकूरद्वारच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. १८३८ साली सरकारने गुरे चारण्यावर शुल्क बसवले तेव्हा ते न परवडणाऱ्या गुरांच्या मालकांसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी स्वतःचे वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारजवळ समुद्रालगतचे गवताळ रान विकत घेतले आणि तेथे चराई मोफत ठेवली. चर्नी हे नाव त्यावरून आले, असे मानले जाते. नावाची व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी या हकिकतीतील संघर्ष महत्त्वाचा आहे. सर्वांच्या वापरातल्या जमिनीवर राज्यसत्ता शुल्क लावते आणि एका दात्याला ती जमीन विकत घेऊन पुन्हा सर्वांसाठी खुली करावी लागते, हा प्रसंग या परिसराच्या पुढील इतिहासाची नांदीच आहे.

समुद्राकडेची ही बाजू त्या काळी शहराची मागची बाजू होती. सोनापूरची स्मशानभूमी आणि कबरस्ताने याच पट्ट्यात होती. सोनापूर येथील स्मशान दूर शिवडीला हलवण्याचा विचार सरकारने केला तेव्हा गिरगावात राहणाऱ्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी त्याला विरोध करून ते जागेवर राखले. सरकारच्या लेखी ती वाढत्या शहरातली अडचणीची, अनारोग्याची जमीन होती. रहिवाशांच्या लेखी ती वाडवडिलांना जेथे पोचवले ती जमीन होती. जमीन एकच असली तरी तिची दोन मोले एकमेकांसमोर उभी राहिली, आणि त्या वेळी लोकांच्या मोलाचा विजय झाला.

वारा, विहीर आणि रस्ता

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि दाट वस्तीकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची नजर पालटली. वाड्या आणि चाळी आता उत्पन्न देणारी मालमत्ता म्हणून दिसेनाशा झाल्या. हवा कोंडणारे अडथळे म्हणून त्या नकाशावर दिसू लागल्या. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहर सुधारणेसाठी नेमलेल्या विश्वस्त मंडळाने, पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत खोलवर यावा या हेतूने पश्चिम-पूर्व रस्ते काढले. ठाकूरद्वारच्या दक्षिणेला प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि उत्तरेला सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे दोन्ही रस्ते त्या विचाराचे अपत्य आहेत. मध्ये सापडलेल्या घरांच्या बाबतीत मात्र हा विचार निष्ठुर होता. जुन्या खोल्या पाडल्या गेल्या, त्या प्रमाणात नव्या बांधल्या गेल्या नाहीत, आणि विस्थापित माणसे शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागली.

विहिरींचेही असेच झाले. वाडीची विहीर हा पाण्याचा साठा होता, तसाच तो पूजेचा आणि भेटीगाठींचा कोपराही होता. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने येऊ लागले तरी विहिरी वापरात राहिल्या. डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या १९११ सालच्या अहवालाने मुंबईतील हिवतापाचा डास मुख्यतः विहिरींत वाढतो हे दाखवून दिले, आणि त्यानंतर शहरभर विहिरी झाकण्याची व बुजवण्याची मोहीम निघाली. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी लागते म्हणून लोकांनी विरोध केला. डास खरा होता, हिवताप खरा होता आणि विहिरीभोवतीचा लोकव्यवहारही खरा होता. प्रशासनाच्या तक्त्यात मात्र यांपैकी पहिल्या दोहोंसाठीच रकाना होता.

या दृष्टीला त्याच काळात उत्तर देणारा एक विचारवंत मुंबईतच शिकवत होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गेडिस यांचे म्हणणे असे होते की आराखड्याआधी पाहणी झाली पाहिजे, आणि ही पाहणी इमारतींपुरती न ठेवता माणसांच्या कामाची, चालण्याची, पाणी भरण्याची, सण साजरे करण्याचीही झाली पाहिजे. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून काढण्याऐवजी आवश्यक तेवढीच पडकी घरे काढून लहान चौक मोकळे करावेत, झाडे आणि विहिरी राखाव्यात, आणि शेजार न मोडता हवा आत आणावी, या पद्धतीला त्यांनी 'राखणारी शस्त्रक्रिया' असे नाव दिले होते. ही पद्धत खर्चानेही कमी होती. तथापि मुंबईच्या कारभाराने गेडिस यांचा विचार विद्यापीठातच ठेवला आणि रस्ते ट्रस्टच्या पद्धतीने काढले.

गॅलरी, जवळून

गिरगावातील चाळ हा वाडीच्या जमिनीवर उभा राहिलेला दुसरा थर आहे. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, सागवानी खांब आणि तुळया, विटांच्या भिंती, एका रांगेत खोल्या, खोल्यांपुढे लांबलचक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. गॅलरी दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडून जातील एवढीच रुंद असते. पहाटे तिथे नळाच्या पाण्याच्या वेळेनुसार हंडे-कळश्यांची रांग लागते. सकाळी कठड्यावर ओले कपडे पडतात आणि दोरीला बांधलेली टोपली भाजीवाल्यासाठी खाली सोडली जाते. दुपारी पापड-कुरडया वाळतात. संध्याकाळी कॅरमचा बोर्ड येतो आणि दिवाळीत प्रत्येक दारासमोरच्या दोन हात लादीवर वेगळी रांगोळी उमटते. उन्हाळ्याच्या रात्री याच गॅलरीत अंथरुणे पडत. खोलीच्या मालकी-भाड्याच्या कागदावर गॅलरीतली एक फूटही जागा कोणाच्या नावावर नसते, पण माझ्या दारापुढची जागा आणि सर्वांच्या जाण्यायेण्याची जागा यांतली सीमा प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ती तंटे करून, समजूत घालून, वर्षानुवर्षे सांभाळली जाते.

गॅलरीखाली पटांगण असते. लग्नात तिथे मांडव पडतो आणि पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांच्या खोल्या उघड्या होतात. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि शांतारामाच्या चाळीत होमरूल चळवळीच्या काळात सभा गाजल्या, याचे एक कारण या रचनेतच आहे : चाळीचे पटांगण हे तिन्ही बाजूंनी गॅलऱ्या असलेले प्रेक्षागृह होते आणि त्यात येण्यासाठी कोणाला घराबाहेर पडावेसुद्धा लागत नव्हते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची सुरुवात १८९८ साली ठाकूरद्वारला झाली आणि १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ केळेवाडीत वाढला, तोही याच शेजाराच्या पोषणावर. वाचक, श्रोता आणि प्रेक्षक चालत येण्याच्या अंतरावर राहत होता.

ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ साली मांडले की माणसाला असे ठिकाण आवडते जेथून त्याला दूरवर पाहता येते आणि जेथे तो स्वतः आडोशाला असतो. गॅलरीत या दोन्ही गोष्टी मिळतात. तथापि या सिद्धान्ताला गिरगाव एक पुस्तीही जोडते, कारण चाळीत पाहणारा स्वतःही पाहिला जात असतो आणि सुरक्षितता त्या परस्परदृष्टीतूनच येते. नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या मुंबईच्या चाळींवरील ग्रंथाने (२०११) गॅलरीला चाळजीवनाच्या मध्यभागी ठेवले, ते यथार्थच होते.

हे मोल सर्वांना सारखे वाटत होते असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. जी गॅलरी मुलांना खेळाचे मैदान होती, तीच नव्याने आलेल्या सुनेला अष्टौप्रहर चालणारी तपासणी वाटू शकत होती. पहाटे उठून पाणी भरणे, रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकापर्यंत संडासाला जाणे, आजारी माणसाला लाकडी जिन्यावरून उतरवणे, दहा-बारा फुटी खोलीत तीन पिढ्यांनी राहणे, ही चाळीची दुसरी बाजू आहे, आणि तिचा भार मुख्यतः स्त्रियांनी आणि वृद्धांनी वाहिला. चाळीविषयीची ओढ बहुधा चाळ सोडून गेलेल्यांच्या बोलण्यात अधिक आढळते; तिथे राहणाऱ्याला स्वतःच्या घरात स्वतःचा संडास हवा असतो आणि ही मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. म्हणून चाळ जशीच्या तशी ठेवा, असा आग्रह कोणी धरू नये. प्रश्न एवढाच आहे की खोलीची गैरसोय दूर करताना गॅलरी आणि पटांगण यांनी जे दिले, ते कोणत्या स्वरूपात पुढे न्यायचे.

पाठीचा समुद्र पुढे आला

वाडीतील जुन्या घरांचे तोंड बोळाकडे किंवा पटांगणाकडे असे. समुद्र हे पाहण्याचे दृश्य आहे, ही कल्पना येथे उशिरा रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वे बॅक बेच्या किनाऱ्याने चर्चगेटपर्यंत गेली आणि वस्ती व किनारा यांच्यामध्ये रुळांची रेषा पडली. १९२० च्या दशकात बॅक बेमध्ये भराव घालण्याची योजना गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिच्यातील उधळपट्टी आणि गैरकारभार वकील के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि ठरलेल्या जमिनीपैकी निम्मीसुद्धा समुद्रातून मिळवता आली नाही. जी मिळाली तिच्यावर मरीन ड्राइव्ह आणि आर्ट डेको शैलीतील, म्हणजे वळणदार सज्जे आणि भौमितिक नक्षी असलेल्या इमारतींची रांग उभी राहिली. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह या रांगेला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

गिरगावच्या माणसाचे समुद्राशी नाते मात्र वेगळ्या प्रसंगांनी घडले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांच्या पार्थिवावर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि ती वाळू राष्ट्रीय स्मृतीची भूमी झाली. अनंत चतुर्दशीला शहरभरचे गणपती त्याच वाळूवर येतात. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या धनिकाला त्याचे जे मोल वाटते ते खिडकीतून ठरते. वाडीतल्या माणसाला वाटणारे मोल पायांनी ठरते, कारण रुळांवरचा पूल ओलांडून संध्याकाळी तिथवर चालत जाता येणे हेच त्याचे समुद्रावरचे स्वामित्व असते. जागतिक वारशाची यादी पहिल्या प्रकारचे मोल नोंदवू शकली. पुलापलीकडच्या वाड्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि खोताच्या वाडीतील एकेकाळी ६५ च्या आसपास असलेली जुनी घरे आता तिसाच्याही खाली आली आहेत.

भाडे, पागडी आणि चटईक्षेत्र

स्वातंत्र्यानंतर या भूदृश्याचे भवितव्य दृष्टीपेक्षा कायद्याने अधिक ठरवले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. त्यामुळे सामान्य पगाराच्या माणसाला शहराच्या मध्यात राहणे शक्य झाले, त्याचबरोबर घरमालकाचे दुरुस्तीतले स्वारस्यही संपले. पागडी, म्हणजे खोलीचा ताबा घेताना भाड्याव्यतिरिक्त द्यायची ठोक रक्कम, ही पद्धत फोफावली आणि भाडेकरू जवळजवळ मालकच झाला. लाकडी सांगाडे कुजू लागले, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निर्माण झाले. ज्या जुन्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो त्यांना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. आरंभी त्यांची संख्या १९,६४२ होती. गॅलरीखाली लावलेले लाकडी-लोखंडी टेकू हा त्यानंतरच्या गिरगावचा नित्याचा देखावा झाला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने या इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक दिला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते हे सांगणारा आकडा म्हणजे हा निर्देशांक होय. व्यवहाराचे सूत्र सोपे आहे : जुन्या रहिवाशाला नवे घर विनामूल्य द्यायचे आणि त्याची भरपाई वरच्या मजल्यांवरील घरे बाजारभावाने विकून करायची. त्यातून अनेक कुटुंबांना प्रथमच स्वतंत्र संडास-मोरी असलेले पक्के घर मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु या सूत्रात मोजली जाते ती दाराच्या आतली जागा, म्हणजे ज्याला सर्वजण कार्पेट एरिया म्हणतात ती. गॅलरीचे, पटांगणाचे, बोळाच्या वळणावरच्या बाकड्याचे माप कोठेही घेतले जात नाही, आणि ज्याचे माप नाही त्याची भरपाईही नाही. भूखंड लहान असल्यामुळे इमारतीभोवती सोडायच्या जागेत सवलती मिळतात, खालचे मजले वाहनतळाला जातात, आणि मुलांनी खेळायची जागा वाहनतळाच्या छतावर, पोडियमवर, चढते. मनोरंजनासाठीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावे लागले, यावरूनच ही प्रवृत्ती किती बळावली होती ते कळते.

जनगणनेचे आकडेही बोलके आहेत. ठाकूरद्वार, भुलेश्वर, काळबादेवी हा भाग ज्यात येतो त्या महापालिकेच्या सी विभागाची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २ लाख ३ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ६६ हजारांवर आली. खोल्यांची गोदामे आणि दुकाने झाली, पुढची पिढी डोंबिवली, ठाणे, बोरिवली, विरारकडे गेली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला आणि गणपतीला हीच माणसे परत येतात आणि वर्षातले काही दिवस जुन्या शेजाराचा नकाशा पायांनी पुन्हा आखतात.

जमिनीखालचे गिरगाव

गेल्या दशकात या परिसराच्या खालची जमीनही बदलाच्या कक्षेत आली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटर लांबीची आणि २७ स्थानकांची भुयारी मेट्रो काळबादेवी आणि गिरगाव या दोन स्थानकांवरून जाते. येथील रस्ते अरुंद असल्यामुळे स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी २०१५ पासून जोरदार विरोध केला. त्यांची मुख्य मागणी पुनर्वसन गिरगाव-काळबादेवीतच झाले पाहिजे ही होती आणि ती तत्त्वतः मान्य झाली. मोबदल्याच्या रकमेपेक्षा जागेचा आग्रह अधिक होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शाळा, देऊळ, दवाखाना, वाचनालय आणि ओळखीची माणसे चालण्याच्या अंतरावर असणे याला त्यांच्या हिशेबात जे मोल होते, ते कोणत्याही मूल्यांकनाच्या तक्त्यात बसणारे नव्हते.

जवळच्याच प्रिन्सेस स्ट्रीट परिसरात पारशी समाजातील काहींनी मेट्रोचा बोगदा आतश बेहरामच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या पवित्र अग्निमंदिराच्या, जमिनीला आणि तेथील विहिरीच्या पाण्याला बाधा आणील, असा दावा मुंबई उच्च न्यायालयात केला. २०१८ मध्ये न्यायालयाने अटींसह काम पुढे जाऊ दिले. अभियंत्याच्या दृष्टीने जमिनीखाली खडक आणि पाणी असते. श्रद्धावंताच्या दृष्टीने अग्नी आणि भूमी यांचा संबंध तिथे खोलवर अखंड असतो. न्यायालयासमोर कंपनांची मोजमापे आली, पण वादाचा गाभा एकाच खडकाच्या दोन अर्थांचा होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोची ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि वर्षानुवर्षे पत्र्यांच्या आडोशाने अडवलेल्या जगन्नाथ शंकरशेट मार्गाखालून गाडी धावू लागली. त्याआधी, २०२४ मध्ये, मलबार टेकडीखालून गिरगाव चौपाटीच्या बाजूला निघणारे किनारी रस्त्याचे २.०७ किलोमीटरचे जुळे बोगदे वाहतुकीला खुले झाले. या दोन्ही प्रकल्पांनी प्रवासाचा वेळ वाचवला, हे खरेच आहे. त्याच वेळी त्यांनी भोवतालच्या जमिनीची बाजारातील किंमत वाढवली आणि पुनर्विकासाची गती वाढवली. रहिवाशांच्या सोयीसाठी आलेले स्थानक रहिवासीच बदलून टाकू शकते.

काय मोजले पाहिजे

दोनशे वर्षांचा हा आढावा घेतला तर असे दिसते की ठाकूरद्वारच्या जमिनीचे मोल क्रमाने झाडांच्या उत्पन्नात, वाऱ्यात, भाड्यात आणि चटईक्षेत्रात मोजले गेले. प्रत्येक माप आपापल्या जागी सकारण होते. बाग पिकली पाहिजे होती, प्लेग थांबला पाहिजे होता, भाडे परवडले पाहिजे होते आणि कोसळणारी चाळ पुन्हा बांधली गेली पाहिजे होती. चूक मापाची नाही. एका वेळी एकच माप लावून उरलेले सारे शून्य धरण्याची आहे.

वारसा संरक्षणाची दृष्टीही या चुकीतून सुटलेली नाही, कारण ती दर्शनी भाग राखते आणि आतला व्यवहार सोडून देते. शेजारच्या भेंडीबाजारात सुमारे १६.५ एकरांवरील २५० च्या आसपास इमारतींचा समूह पुनर्विकास, म्हणजे अनेक भूखंड एकत्र करून केलेली पुनर्रचना, एका धर्मादाय विश्वस्त संस्थेने हाती घेतला. अशा एकत्रीकरणाने रुंद रस्ते आणि जमिनीवरच्या मोकळ्या जागा शक्य होतात हा त्याचा लाभ. जुन्या बोळांची वीण पूर्ण पुसली जाते ही त्याची किंमत. गिरगावात वाडी हाच नैसर्गिक समूह आहे. तिची हद्द आणि तिची वाट ठरलेली आहे, तिच्यातील माणसे एकमेकांना ओळखतात, त्यांची मंडळे आणि उत्सव समित्या आहेत. पुनर्विकासाचा घटक एकेक भूखंड न धरता वाडी धरली, तर पटांगण नव्या रचनेतही जमिनीवर आणि मध्यभागी राहू शकते.

त्यासाठी पहिले काम गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेलेच आहे : आराखड्याआधी पाहणी. वाडीवार नोंदवही करून तीत पटांगणे, पार, विहिरींच्या जागा, देवळांपुढचे चौक, उत्सवांचे मार्ग, बसण्याची बाकडी आणि मुलांच्या खेळण्याचे कोपरे यांची लांबी-रुंदी लिहिली पाहिजे; कोण, कोणत्या वेळी, कशासाठी ते वापरते हे तेथील स्त्रिया, मुले, वृद्ध आणि भाडेकरू यांना विचारून टिपले पाहिजे; आणि पुनर्विकासाच्या करारात प्रत्येक कुटुंबाच्या चटईक्षेत्राबरोबर त्याच्या वाट्याची सामाईक जागाही चौरस फुटांत लिहिली गेली पाहिजे. हे काम महापालिकेने करावे, वास्तुकला महाविद्यालयांनी त्यात विद्यार्थी द्यावेत आणि सह्या करण्यापूर्वी रहिवाशांनी ती नोंद मागावी. सामाईक जागेचा आकडा कागदावर आला की विकासकाला तो हिशेबात धरावा लागेल आणि न्यायालयालाही तो पाहता येईल.

भूदृश्य बदलू नये, असे ठाकूरद्वारचा इतिहास कोठेही सांगत नाही. बाग, वाडी, चाळ आणि इमारत हे सारे बदलाचेच टप्पे होते, आणि त्या प्रत्येक टप्प्यात माणसांनी दोन भिंतींच्या मधली जागा आपल्या वापराने आपलीशी केली. यापुढच्या टप्प्यात ती जागा आधी आराखड्यावर राखावी लागेल, कारण एका चुलीला एक घर आणि एका भूखंडाला एक मनोरा या हिशेबात ती आपोआप उरत नाही. गिरगावात मराठी माणूस किती टिकला, हा प्रश्न नेहमी घरांच्या संख्येत विचारला जातो. त्याचे खरे उत्तर त्या घरांच्या बाहेर, पण वाडीच्या आत, किती जमीन सर्वांची म्हणून शिल्लक राहिली यावर अवलंबून आहे, आणि ती जमीन मोजण्याचे काम आजही हाती घेता येण्यासारखे आहे.